वाचक विचारतात : रबरी आमिषं डब्यात वितळतात ती का?

उन्हाळा चढला की गळानं मासे धरणाऱ्यांची एकाच तऱ्हेची पत्रं या सदराकडे येऊ लागतात. डबा चिकट झाला, आमिषं एकमेकांत मिसळली, शेपट्या वाकल्या. या वेळी ती सगळी एकत्र घेतली आहेत. पत्रांत कुणी ‘रबरी मासा’ लिहिलं आहे, कुणी ‘सॉफ्ट लुअर’, कुणी ‘प्लॅस्टिकची अळी’. गळाला लावायच्या या मऊ, नकली भक्ष्यांना खाली मिळून ‘आमिष’ म्हटलं आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण ते नीट वाचलंत तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

पारदर्शक, कप्प्याकप्प्यांचा देखणा डबा आणला. पाच महिन्यांनी उघडला तर आमिषं तळाला चिकटलेली आणि तळ धुरकट, मऊ, बोट लावलं तर ठसा उमटतो. आमिषं खराब होती की डबा?
— वाचक, जुळे सोलापूर

दोन्ही ठीक होते, जोडी चुकली.

बहुतेक मऊ आमिषं पीव्हीसीची असतात. म्हणजे नळाचा कडक पाइप ज्याचा असतो, त्याचीच भुकटी. ही भुकटी एका खास तेलात कालवतात आणि मिश्रण साधारण १७५ ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. भुकटीचे कण तेल पिऊन फुगतात, साच्यात ओतून गार केलं की जेलीसारखं आमिष तयार. अगदी लुसलुशीत आमिषात भुकटीपेक्षा तेलच जास्त असतं. आणि मुद्दा इथेच आहे: हे तेल पीव्हीसीशी रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं, नुसतं त्यात मुरलेलं असतं. शेजारी दुसरा कुणी ते प्यायला तयार असला की ते तिकडे निघतं.

तुमचा डबा तसा तयार होता. काचेसारखे स्वच्छ, कडक, स्वस्त डबे बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात आणि पॉलिस्टायरीनला हे तेल फार लवकर भिनतं. हा खेळ शाळेत सगळ्यांनी पाहिलेला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कंपासपेटी उघडली की खोडरबर पट्टीला घट्ट चिकटलेला असतो आणि ओढून काढला की पट्टीवर खड्डा. तो खोडरबरही मऊ पीव्हीसीचाच, म्हणून तर त्याला कागदाची बंडी घातलेली येते. वायरमन विजेची वायर थर्माकोलला लागून नेत नाहीत तेही याच कारणानं. वायरच्या वेष्टणातलं तेल थर्माकोल खातं आणि मागे वेष्टण कडक होऊन तडकतं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. तेव्हा बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यात आमिषं टाकून नेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

चालतात ते डबे पॉलिप्रॉपिलीनचे आणि पॉलिथिनचे. यांना हे तेल जवळजवळ भिनत नाही. डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो, तो बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन. हे तीन डोळे झाकून घ्या. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तो नको. ३ म्हणजे पीव्हीसी, तोही नको. ७ मध्ये बरंच काही येतं, पॉलिकार्बोनेटसुद्धा, म्हणून तोही टाळलेला बरा.

आकडा नसेल तर हात आणि कान वापरा. पॉलिस्टायरीन टिचकी मारली की काचेसारखं टण् वाजतं आणि वाकवलं की मोडतं. पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधाळ दिसतं, आवाज बद्द येतो आणि त्याच्या झाकणाची बिजागरी वेगळी नसते. त्याच प्लॅस्टिकची पातळ पट्टी हजारदा वाकली तरी तुटत नाही. तरी शंका राहिली तर कडेची नखाएवढी चिलपी ब्लेडनं काढा आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसी तळ गाठतात. साबण एवढ्यासाठी की नुसत्या पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक चिलपी उगीच तरंगत राहते आणि फसवते.

शेवटची परीक्षा वेळेची. एक जुनं, फाटकं आमिष नव्या डब्याच्या कप्प्यात ठेवून, झाकण लावून पंधरा दिवस घरातल्या उबदार जागी सोडा. उचलताना चिकटलं किंवा खाली चकचकीत ओला डाग दिसला, तर डबा खिळ्यांसाठी ठेवा.

आता चिकटलेल्या मालाचं. आमिष हळूच सोलून काढा, कोमट पाण्यात साबणानं धुवा आणि पुसा. ज्याच्या पोटाला डब्याचं वितळलेलं प्लॅस्टिक लागलं आहे तेवढा पापुद्रा कात्रीनं उडवा. शेपटी शाबूत असेल तर ते अजून पोहेल. तेल गेल्यामुळे थोडं राठ झालं असेल, ते परत भरत नाही. डबा मात्र टाकाच. त्यात तेल मुरलेलं आहे, पुढचा माल लवकर बिघडेल.

दोन वेगळ्या कंपन्यांची आमिषं एकाच झिपच्या पिशवीत ठेवली. पिशवी पॉलिथिनचीच होती. तरी एका जातीचा लगदा झाला, दुसरी जात बरी राहिली. हे कसं?
— वाचक, विजापूर रोड

लगदा झाली ती जात पीव्हीसीची नव्हती. टीपीई नावाच्या लवचीक रबराची होती. झेड-मॅन कंपनीचं ‘इलाझटेक’ हे यातलं सगळ्यांत माहितीचं नाव. या जातीच्या बहुतेक रबरांत पॉलिस्टायरीनच्या बारीक गाठी असतात आणि त्या गाठींमुळे रबर आकार धरून राहतं. पीव्हीसीतलं तेल त्या गाठी सोडवतं. म्हणजे पहिल्या उत्तरातला डबाच इथे आमिषाच्या रूपात आला.

ओळखायची रीत सोपी आहे. टीपीईचं आमिष दोन बोटांत धरून ओढा. ते आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणलं जातं, तुटत नाही आणि सोडलं की परत येतं. आत मीठ भरलेलं नसेल तर पाण्यावर तरंगतं. पीव्हीसीचं थोडं ताणलं की फाटतं.

नियम असा: टीपीई ज्या पिशवीत आलं त्याच पिशवीत राहील. पीव्हीसीच्या आमिषाला त्याचा स्पर्शही नको. पीव्हीसी ठेवून रिकाम्या झालेल्या डब्यातही ते साबणानं धुतल्याशिवाय नको. आणि त्यावर बेबी ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन चोळू नका. पीव्हीसीवर हे तेल नुसतं वर राहतं, टीपीई मात्र ते पितं आणि फुगतं.

जाता जाता, ज्यांना हे सगळं नवं खूळ वाटतं त्यांच्यासाठी: अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये विनाइलची अळी ओतली, तिथून या धंद्याची सुरुवात धरतात. पीव्हीसीत तेल मुरवून ते मऊ करण्याची युक्ती वॉल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली, तीही अॅक्रनमध्येच. तेल जागा सोडतं ही तक्रारही तितकीच जुनी.

रविवारी पहाटे उजनीला निघायचं म्हणून सगळं सामान गाडीच्या डिकीतच असतं. मे महिन्यात एका पिशवीतली वीस आमिषं एक गोळा झाली. वेगळी करता येतील का?
— वाचक, होटगी रोड

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हात काचा लावून उभ्या असलेल्या गाडीत ६० अंश सहज होतात. एवढ्या उष्णतेनं पीव्हीसी वितळत नाही, पण ढिलं पडतं आणि तेल भराभर बाहेर येऊ लागतं. आमिषाला घाम फुटतो म्हणा. वरच्या वजनानं ती दबतात आणि ओल्या पृष्ठभागांनी एकमेकांना धरतात.

वेगळी करण्यासाठी गरम असताना ओढू नका, शेपट्या हातात येतील. पिशवी तशीच बंद ठेवून बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. गार झालं की पीव्हीसी ताठ होतं. मग एकेक नाकाकडून सोडवत शेपटीकडे जा. वेगळी झाली की कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण कोरडी करा आणि टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवा. पावडर चिमूटभरच. पिठात घोळवल्यासारखी आमिषं पाण्यात गेली की पहिले काही फेक पांढरा ढग सोडतात. पावडरऐवजी मक्याचं पीठ वापरू नका, आपल्याकडे पावसाळ्यात त्याला बुरशी आणि पोरकिडे दोन्ही लागतात.

ठेवायची जागा: माळा नको, पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट नको. मधल्या खोलीत, जमिनीलगतचा खण सगळ्यांत बरा. जुन्या धाब्याच्या घरातल्या कोनाड्याइतकी उत्तम जागा विकत मिळणार नाही. फ्रिजची गरज नाही. त्यानं पीव्हीसीचं आयुष्य वाढेल तेवढ्यासाठी घरच्यांचा रोष ओढवून घेण्यात अर्थ नाही. गाडीतून नेताना आमिषांची पिशवी डिकीत नको, पायाशी सावलीत, टॉवेलमध्ये गुंडाळून, पाण्याच्या गार बाटलीशेजारी ठेवा. घरी आल्यावर रॉड-रील राहिलं गाडीत तरी चालेल, ही पिशवी आधी उतरवा.

पांढऱ्या आमिषांवर काळे-लाल डाग पडले. धुऊन जातील का?
— वाचक, अशोक चौक

नाही. तेलाबरोबर रंगही सरकतो आणि एकदा आत मुरला की साबण, रॉकेल, काही चालत नाही. रॉकेल तर लावूच नका, आमिष बिघडेल. काळा, लाल आणि गडद जांभळा हे देणारे. पांढरा, पारदर्शक आणि फिकट पिवळा हे घेणारे. दोघांची पिशवी वेगळी. गढूळ पाण्यात डागाळलेलं आमिष माशाला चालतं, चालत नाही ते आपल्याला.

सोलापुरी चादर ज्या चेनच्या पारदर्शक पिशवीत येते, त्या पिशव्या घरात ढिगानं आहेत. त्यांत आमिषं ठेवली तर? आणि मधे वर्तमानपत्र घातलं तर?
— वाचक, अक्कलकोट रोड

दोन्ही नको.

चेन आणि कडेला गोट असलेली ती जाड, मऊ, विशिष्ट वासाची पिशवी बहुधा पीव्हीसीचीच असते. तिच्यात स्वतःचं तेल असतं, आमिषात वेगळं. दोन्ही इकडून तिकडे जाऊ लागतात आणि काही महिन्यांत पिशवी आणि आमिष एकजीव. त्याच गठ्ठ्यात टॉवेलच्या साध्या, कुरकुर वाजणाऱ्या पातळ पिशव्या असतील तर त्या घ्या. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. टॉवेल-चादरींच्या धंद्यामुळे पॅकिंगच्या दुकानांत त्या आपल्याकडे सगळ्या मापांत मिळतात. वाजणारी पिशवी पॉलिप्रॉपिलीन, मऊ आणि गप्प ती पॉलिथिन. दोन्ही चालतील. फक्त तोंड बंद करायला रबरबँड लावू नका. साधं रबरही हे तेल पितं, चिकट होतं आणि एक दिवस आमिषावर वितळलेल्या गुळासारखं सापडतं. झिपची पिशवी घ्या किंवा तोंड दुमडून क्लिप लावा.

वर्तमानपत्राची शाई पीव्हीसीत उमटते. माशाच्या पोटावर उलटी बातमी वाचायची हौस असेल तरच मधे कागद घाला. कोरा कागद तेल शोषून आमिष राठ करतो. वाळवायला टॉवेलही नको, त्याचे धागे तेलकट अंगाला चिकटतात. स्टीलची जाळी किंवा ताट हे सगळ्यांत सोयीचं.

मूळ पाकीट शक्य तेवढं टिकवा. कंपनीनं ते त्या आमिषासाठी निवडलेलं असतं, त्यावर माप आणि रंगाचं नाव असतं आणि दुकानात तोच रंग परत मागता येतो. वरच्या भोकांत पडद्याची कडी अडकवून दहा-बारा पाकिटं एकत्र टांगली तर चाळायला पंचांगासारखी सोपी जातात.

तीन इंची पॅडल टेलची (वल्ह्यासारख्या शेपटीच्या रबरी माशाची) शेपटी पिशवीत दुमडली गेली. पाण्यात ओढली की मासा एका अंगावर पडून गरगर फिरतो. सरळ करता येईल?
— वाचक, कुर्डुवाडी

येईल, आणि हे काम जमलं की जुना ‘वाया गेलेला’ माल परत कामाला येतो.

पाणी उकळा, गॅस बंद करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबा. चालू गॅसवर आमिष टाकू नका, भांड्याच्या तळाला लागलेला भाग जळतो. चिमट्यानं आमिष नाकाशी धरून शेपटी खाली लोंबेल असं बुडवा. बारीक शेपटीला १५ ते २० सेकंद पुरतात, बोटाएवढ्या जाड अंगाला ४० सेकंद ते एक मिनिट. शेपटी आपोआप मूळ आकाराकडे वळू लागते. साच्यात ती जशी गोठली होती तशी व्हायला ती धडपडतच असते, उष्णता तिला फक्त मोकळीक देते. सरळ झाली की लगेच गार पाण्यात सोडा आणि मग सपाट ताटात दोन-तीन तास पडू द्या. गरम असतानाच पिशवीत भरली तर जशी पडेल तशी पुन्हा गोठेल. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि ‘उपाय चालत नाही’ म्हणतात.

मीठ भरलेल्या आमिषाला हे एखाद्या वेळीच करा. दर बुडीत मीठ विरघळतं, आमिष हलकं होतं आणि बुडण्याचा वेग बदलतो. टीपीईला जास्त वेळ लावू नका, दहा सेकंदांनी बघत जा. आणि भांडं वेगळं ठेवा. ज्यात चहा होतो ते नको, कारण पाण्यावर जो तवंग येतो तो तेलाचाच असतो.

पुढे दुमडू नये म्हणून पॅडल टेल आडवी, एका थरात ठेवा. कंपनीनं खळग्यांच्या प्लॅस्टिक साच्यात दिली असतील तर तो साचा फेकू नका. शिंगासारख्या वळलेल्या शेपटीचे ग्रब (आखूड अळीसारखी आमिषं) मात्र ढिगात ठेवले तरी फारसं बिघडत नाही, चिलापीसाठी लागणारे एक-दीड इंची तर नाहीच.

जिगहेडवर (जड डोकं असलेल्या गळावर) लावलेलं आमिष तसंच डब्यात ठेवतो. पुढच्या वेळी गळ गंजलेला आणि जिगहेडचा रंग आमिषाला चिकटलेला. कोरड्या सोलापुरात गंज येतो कुठून?
— वाचक, माढा

हवेतून येत नाही, आमिषातूनच येतो. गळ जिथून आत गेला त्या चिरेत पाणी अडकून बसतं. बाहेरून आमिष तासाभरात सुकतं, आत चार दिवस ओल राहते. त्यात मिठाचं आमिष असेल तर मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजाचा वेग वाढवतं. उजनीचं पाणी गोडं असलं तरी फरक पडत नाही, मीठ आपण बरोबरच नेलेलं असतं.

रंगाचं कारण जुनंच. साधा रंग तेलानं मऊ होतो. भट्टीत भाजलेला पावडर कोटिंगचा रंग जास्त टिकतो, पण तोही कायमचा नाही. याच कारणानं क्रँकबेट, म्हणजे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे कडक नकली मासे, आणि मऊ आमिषं एका कप्प्यात कधीच नकोत. एका रात्रीत काही होत नाही, पण एका उन्हाळ्यात क्रँकबेटचा रंग सुरकुततो आणि तो परत बसत नाही. तुमच्या पॉलिश केलेल्या टेबलावर आमिष विसरलात तर तिथेही तसाच डाग पडेल.

घरी आल्यावर: आमिष गळावरून उतरवा, दोन्ही साध्या पाण्यानं धुवा. आमिष जाळीवर रात्रभर, गळ पुसून पंख्याखाली. मगच आपापल्या डब्यात. गळांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आमिषांच्या डब्यात तिचा उपयोग नाही. जिगहेड शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

लसणाच्या वासाच्या आमिषांना मुंग्या लागतात, एकदा उंदरानंही पिशवी कुरतडली. कापूर किंवा डांबरगोळ्या टाकल्या तर?
— वाचक, मंगळवार पेठ

चुकूनही नको. डांबरगोळीची वाफ प्लॅस्टिकमध्ये शिरते आणि ते मऊ, चिकट करते. कापूर तर त्याहून नामी: एकेकाळी सेल्युलॉइड मऊ करण्यासाठी कापूरच वापरत. कपड्यांना जे वाचवतं ते इथे मारतं. शिवाय वास असा बसतो की लसूण हरतो.

वासाची आमिषं जाड झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. उंदराला स्टील पुरे. मुंग्यांसाठी डब्याच्या बाहेरून तेलाचा ओघळ पुसलेला असला पाहिजे, त्या आतल्या मालापेक्षा त्या ओघळावर येतात. वास उडाला असेल तर लिक्विड पॅराफिनमध्ये कालवलेला अर्क थोडा चोळा, तोही पीव्हीसीलाच. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल वापरू नका, ते खवट होतं आणि आमिषावर चिकट साय धरतं.

शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत आमिषं ठेवू का, असं आणखी एका पत्रात आहे. आकडा ५ असेल तर ठेवा. फक्त ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात परतता कामा नये, झाकणावर मोठं लिहून ठेवा. या तेलांत थॅलेट वर्गातली तेलंही असतात, ती पोटात जायची वस्तू नाही. त्याच कारणानं लहान मुलांच्या हाती हा खाऊसारखा दिसणारा ऐवज लागू देऊ नका.

बाटलीतल्या पाण्यात येणारी आमिषं पिशवीत काढून ठेवली. आठवड्यात खडे झाली.
— वाचक, बार्शी

ती पीव्हीसीची नाहीत. बर्कली कंपनीच्या ‘गल्प’सारखी पाण्याच्या आधारावर बनवलेली आमिषं आहेत आणि त्यांचा मऊपणा म्हणजे पाणी. आपल्या कोरड्या हवेत गळावर उघडं राहिलेलं असं आमिष दुपारपर्यंत आकसतं आणि मग पक्कड लावूनही निघत नाही. तेव्हा ओढू नका, गळासकट पाण्यात भिजत घाला.

खडे झालेल्यांना त्यांच्याच द्रवात दोन-तीन दिवस ठेवून बघा. थोडी मऊ होतात, पहिल्यासारखी नाही. द्रव कमी झाला तर त्याच प्रकारचा विकत घेऊन भरा, नळाचं पाणी घातलं तर वास पातळ होतो आणि बुरशीला वाट मिळते. बाटली उभीच ठेवा आणि बाहेरून आणखी एक पिशवी. हा द्रव गळला की बॅगेचा वास बॅग फाटेपर्यंत जात नाही. पीव्हीसीच्या आमिषांच्या डब्यात ही आमिषं नकोतच.

मरळसाठी वापरतो तो पोकळ रबरी बेडूक चपटा झाला आहे.
— वाचक, मोहोळ

बेडकाच्या पोटात गळाच्या फटीतून पाणी शिरतं. जलपर्णीतून ओढून झाला की घरी येताना दाबून पाणी काढा, नाक वर करून फट खाली ठेवा आणि रात्रभर निथळू द्या. चपटा झालेला बेडूक वरच्यासारख्याच गरम पाण्यात १५ ते २० सेकंद धरा, आतली हवा फुगून पाठ वर येते. जास्त वेळ धरू नका, पोटावरचा रंग सुटतो. दोन्ही गळ पाठीला सतत दाबून राहिले की तिथे खाचा पडतात आणि मग बेडूक गवतात अडकू लागतो. म्हणून ठेवताना गळ आणि पाठ यांत पॉलिथिनची घडी सरकवा. पायांच्या झालरी मोकळ्या ठेवा. त्या रबराच्या असतील तर वर्षाला बदलायची तयारी ठेवा, सिलिकॉनच्या असतील तर जास्त टिकतात.

फाटकी आमिषं जोडता येतात का? आणि जी जोडता येत नाहीत त्यांचं काय करायचं?
— वाचक, पंढरपूर

पीव्हीसीची चीर कोरडी करून, फेविक्विकचा एक थेंब, दहा सेकंद दाबून धरणं, एवढ्यानं काम होतं. जोड कडक होतो, म्हणून शेपटीच्या हलणाऱ्या भागात तो नको. तिथे तापवलेल्या सुरीच्या पात्यानं दोन्ही कडा स्पर्श करून लगेच जोडा, त्या एकमेकींत वितळतात. हे अंगणात किंवा उघड्या खिडकीशी करा आणि धूर तोंडावर घेऊ नका. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. धूर निघाला म्हणजे पातं गरजेपेक्षा तापलं आहे. टीपीईला फेविक्विक नीट धरत नाही.

फाटक्या आमिषांचे तुकडे बरणीत साठवा. आमिषं ओतणारा कुणी ओळखीचा असेल तर तो वितळवायला घेतो. तुम्ही स्वतः घरच्या मायक्रोवेव्हमध्ये किंवा कढईत हा प्रयोग करू नका. तुकड्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी १८० अंशांवरचा रस फोडणीसारखा उडतो, आणि तो कातडीला चिकटून राहतो. जाळू नका, त्याच आम्लाचा धूर मोकळ्यावर होईल. तलावात तर अजिबात टाकू नका. माशाच्या पोटात गेलेलं मऊ आमिष पचत नाही, तिथेच फुगून बसतं. हिप्परगा तलावाच्या काठावर किंवा उजनीच्या भरावावर तुटलेली शेपटी दिसली तर ती कुणाचीही असो, खिशात घाला. कोरडा कचरा म्हणून घंटागाडीत द्या.